तबकडीची अख्खी बाजू

अमेरिकेत १९७० च्या दशकात तरुण असलेल्या माणसांकडे रॉक संगीताचा विषय काढला, की गाण्याच्या आधी रेडिओ केंद्राचे नाव निघते. बोस्टनचा माणूस डब्ल्यूबीसीएन म्हणतो, न्यूयॉर्कचा डब्ल्यूएनईडब्ल्यू-एफएम, क्लीव्हलंडचा डब्ल्यूएमएमएस, सेंट लुईसचा केएसएचई. त्यानंतर निवेदकाचे नाव येते, मग रात्रीची वेळ आणि सगळ्यात शेवटी गाणे. या पिढीने रॉक विकत घेऊन ऐकले त्याहून अधिक ते रेडिओवर ऐकले. कुठले गाणे कशानंतर लागले, निवेदक त्यावर काय बोलला आणि काय न बोलता गप्प राहिला, हे सारे त्या आठवणींत गाण्याइतकेच पक्के बसले आहे.

ही आठवण घडायला आधी एफएम लागला. एडविन आर्मस्ट्राँग या अमेरिकन अभियंत्याने १९३३ साली एफएमची एकस्वे मिळवली. मध्यम लहरींवरच्या एएम रेडिओत आवाजाची माहिती लहरीच्या उंचीत साठवलेली असते. विजेचा कडकडाट, मोटारींची ठिणगी, कारखान्यातली यंत्रे हीसुद्धा लहरीची उंचीच बिघडवतात, म्हणून एएमवर खरखर ऐकू येते. आर्मस्ट्राँगने ती माहिती लहरीच्या वारंवारतेत साठवली आणि खरखर जवळजवळ नाहीशी केली. शिवाय एफएमला पट्टा रुंद मिळाल्यामुळे झांजांचा झणत्कार आणि बास गिटारचा घुमार दोन्ही श्रोत्यापर्यंत शाबूत पोहोचू लागले. पण १९४५ मध्ये सरकारने एफएमचा पट्टा बदलला आणि आधी विकलेले संच निकामी झाले. मोठ्या कंपन्यांशी एकस्वांवरून झगडताना आर्मस्ट्राँग खचला आणि जानेवारी १९५४ मध्ये त्याने आत्महत्या केली. त्याच्या पत्नीने, मॅरिअनने, खटले नेटाने पुढे चालवले. त्यातला शेवटचा १९६७ मध्ये तिच्या बाजूने संपला. रॉक संगीत एफएमवर आले तेही याच वर्षी. हा शोध ज्यांना सर्वांत जास्त लाभला त्या श्रोत्यांपैकी फारच थोड्यांना आर्मस्ट्राँगचे नाव ठाऊक होते, ही गोष्ट मनाला लागते.

१९६१ पासून एफएमवर स्टिरिओ प्रक्षेपणाला परवानगी मिळाली होती. तरीही बहुतेक एफएम केंद्रे आपल्याच मालकाच्या एएम केंद्राचा कार्यक्रम जशाच्या तसा पुढे ढकलत. लाखाहून अधिक वस्तीच्या शहरांत एफएमने निम्म्याहून अधिक वेळ एएमची नक्कल करू नये, असा नियम संघीय संचार आयोगाने केला आणि १९६७ च्या आरंभी तो अमलात आला. मालकांपुढे प्रश्न उभा राहिला: एवढे तास भरायचे कशाने? जाहिराती नव्हत्या, श्रोते मूठभर होते, नुकसान व्हायचे ते आधीच होत होते. म्हणूनच हे तास तरुणांच्या हाती पडले.

सॅन फ्रान्सिस्कोत टॉम डोनाह्यू नावाचा धिप्पाड देहाचा, खर्जातल्या आवाजाचा एक जुना एएम निवेदक होता. घरी डोअर्स या बँडची पहिली एलपी ऐकत असताना त्याला प्रश्न पडला, की हे संगीत रेडिओवर का लागत नाही. त्याने शहरातल्या एफएम केंद्रांना फोन लावायला सुरुवात केली. केएमपीएक्स या केंद्राचा फोनच कापलेला निघाला. फोनचे बिल न भरू शकणारा मालक आपले ऐकेल, हे त्याने ताडले. परभाषिक कार्यक्रमांना तासातासाने वेळ विकून जगणाऱ्या त्या केंद्रावर लॅरी मिलर आधीच रात्री अशी गाणी लावत होता. एप्रिल १९६७ मध्ये डोनाह्यू स्वतःच्या घरातल्या तबकड्या घेऊन तिथे दाखल झाला. वर्षभरात मालकाशी बिनसले, कर्मचाऱ्यांनी संप केला आणि ही मंडळी केएसएएन या केंद्रावर गेली. तोवर बोस्टन, न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया इथेही तेच वारे पोहोचले होते. १९६८ च्या मार्चमध्ये डब्ल्यूबीसीएनने रात्रीचे शास्त्रीय संगीत बाजूला ठेवून रॉक सुरू केले. तिथे पहाटेपर्यंत बोलणारा पीटर वुल्फ पुढे जे. गाइल्स बँडचा गायक म्हणून गाजला.

एएमवर तेव्हा चाळीस गाण्यांची यादी फिरे. गाणे तीन मिनिटांचे, निवेदक भरधाव बोलणारा, दोन गाण्यांमध्ये घंटा आणि भोंगे. नव्या एफएमवर यादी नव्हती. निवेदक स्टुडिओतल्या हजारो तबकड्यांतून हाताला येईल ते आणि मनात असेल ते लावी. चार-पाच गाणी एकमेकांत मिसळून सलग वाजत आणि मगच तो बोले. मैफलीत गवई एका रागातून दुसऱ्याकडे जाताना जसा ऐकणाऱ्याचा कल ओळखून जातो, तशी ही जुळणी असे. एका गाण्याचा शेवटचा सूर आणि पुढच्याचा पहिला सूर एकाच पट्टीत आणण्यासाठी चांगला निवेदक जिवाचा आटापिटा करी. गाण्यांच्या आशयाचे दुवे जुळवणारेही होते: युद्धावरचे एक, लगेच घरी परतण्याचे एक, मग जुना ब्लूज. श्रोत्याला दुवा सापडला की तो फोन करून सांगे. त्या केंद्रांच्या श्रोत्यांना आज सर्वांत जास्त आठवते ती हीच ओळख, की आपण काय ऐकतो आहोत हे पलीकडच्या माणसाला कळते.

न्यूयॉर्कच्या ॲलिसन स्टील यांची हकिकत या सगळ्यात वेगळी आहे. डब्ल्यूएनईडब्ल्यू-एफएमने १९६६ मध्ये सर्व निवेदक स्त्रियाच ठेवण्याचा प्रयोग केला. तो गुंडाळला गेला तेव्हा त्या एकट्या टिकल्या आणि त्यांच्या वाट्याला मध्यरात्रीनंतरचे तास आले. त्या वेळी कोण ऐकणार, असे व्यवस्थापनाला वाटले असेल. त्यांनी स्वतःला ‘नाइटबर्ड’ म्हणवून घेतले. बासरीच्या सुरांवर कविता वाचून त्या कार्यक्रम उघडत आणि मूडी ब्लूज, येस, पिंक फ्लॉइड यांच्या लांबलचक रचना पहाटेपर्यंत लावत. पाळीतले कामगार, टॅक्सीचालक, परीक्षेचा अभ्यास करणारी मुले, झोप न येणारी माणसे असा त्यांचा श्रोतृवर्ग होता. रॉकच्या निवेदनात पुरुषांचीच सद्दी असताना त्यांनी जे स्थान मिळवले, ते त्यांच्या आवाजाइतकेच त्यांच्या निवडीमुळे होते.

लांबी हा या संगीताचा कणा होता. १९६७ मध्ये डोअर्सचे ‘लाइट माय फायर’ हे सात मिनिटांचे गाणे एएमसाठी तीन मिनिटांच्या आत छाटले गेले. एफएमने ते अख्खे लावले. आयर्न बटरफ्लायचे ‘इन-अ-गडा-द-विडा’ सतरा मिनिटांचे, तबकडीची एक पूर्ण बाजू व्यापणारे. एकट्याने पाळी सांभाळणारे निवेदक ते लावून निवांत जेवून घेत. लेड झेपेलिनचे ‘स्टेअरवे टू हेवन’ १९७१ च्या नोव्हेंबरमध्ये आले. आठ मिनिटांच्या या गाण्याची अमेरिकेत विक्रीसाठी वेगळी छोटी तबकडी काढायला बँडने नकार दिला. ज्याला ते हवे त्याने पूर्ण एलपी घ्यावी किंवा रेडिओला फोन करावा. लोकांनी दोन्ही केले आणि एफएमवर सर्वाधिक फर्माईश झालेल्या गाण्यांत ते अग्रभागी राहिले. लिनर्ड स्किनर्डचे ‘फ्री बर्ड’ नऊ मिनिटांच्या वर जाते. पिंक फ्लॉइडची ‘द डार्क साइड ऑफ द मून’ ही १९७३ ची एलपी तर तुकड्यांत ऐकण्यासाठी बनलेलीच नव्हती. अनेक केंद्रे रात्री नव्या एलपीची पूर्ण बाजू मध्ये न बोलता लावत. घरोघरी कॅसेट रेकॉर्डर तयार ठेवलेले असत. ‘डार्क साइड’ १९८८ पर्यंत बिलबोर्डच्या यादीत ७४१ आठवडे होती. त्यामागे अशा रात्रींचा मोठा वाटा आहे.

श्रोत्यांकडची साधने साधी होती. बहुतेक मोटारींत फक्त एएम असे, म्हणून डॅशबोर्डखाली एफएमचा वेगळा डबा बसवून घेतला जाई. मुले उशीखाली ट्रान्झिस्टर ठेवत किंवा हेडफोन लावून दिवा मालवत. एफएमच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. शहराबाहेर पडले, टेकडी आड आली, की केंद्र संपले. त्यामुळे शहराशहराचे रॉक वेगळे राहिले. क्लीव्हलंडने गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनला अनेक शहरांआधी आपलेसे केले. सेंट लुईसच्या केंद्रावर दुसरीकडे फारसे न वाजणारे बँड वर्षानुवर्षे लाडके होते.

लहान गावांतल्या मुलांसाठी मात्र जुना एएमच धावून आला. रात्री वातावरणातल्या आयनांबराच्या थरावरून मध्यम लहरी परावर्तित होतात आणि शेकडो मैलांवर उतरतात. आर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉकचे केएएवाय हे ५० हजार वॉटचे केंद्र दिवसा चालू गाणी लावी. रात्री उशिरा तिथे ‘बीकर स्ट्रीट’ नावाचा कार्यक्रम लागे. क्लाइड क्लिफर्ड या नावाने तो सादर करणारा निवेदक हाच रात्रपाळीचा तंत्रज्ञ होता आणि प्रक्षेपकाच्या खोलीतूनच बोले. यंत्रे थंड ठेवणाऱ्या पंख्यांचा आवाज लपवायला त्याने बोलण्यामागे अवकाशात तरंगल्यासारखे संगीत सोडले. ती सोय होती, पण अमेरिकेच्या मध्यभागातल्या शेतमळ्यांवर झोपेशी झगडत ऐकणाऱ्या मुलांना त्याने झपाटून टाकले. क्युबातही तो ऐकू येई. वर-खाली होणारा, मध्येच विरणारा तो आवाज या श्रोत्यांच्या स्मृतीत गाण्यापासून वेगळा काढता येत नाही.

या केंद्रांना त्या काळाचे राजकारण चिकटलेले होते. ४ मे १९७० रोजी ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्डच्या गोळीबारात चार विद्यार्थी मारले गेले. नील यंगने लिहिलेले ‘ओहायो’ हे गाणे काही आठवड्यांत ध्वनिमुद्रित होऊन बाहेर आले. काही एएम केंद्रांनी ते लावायला नकार दिला, एफएमवर ते सतत वाजले. मार्च १९७१ मध्ये संचार आयोगाने परवानाधारकांना बजावले, की अमली पदार्थांचा गौरव करणाऱ्या गाण्यांबाबत काय वाजते याची जबाबदारी त्यांची आहे. परवाना जाण्याच्या धास्तीने मालकांनी निवेदकांच्या निवडीत लक्ष घालायला सुरुवात केली. मोकळेपणाला लागलेले ते पहिले मोठे कुंपण.

मैफलींचे प्रक्षेपण हा श्रोत्यांच्या आठवणींतला वेगळाच ठेवा आहे. फेब्रुवारी १९७३ मध्ये सुरू झालेला ‘किंग बिस्किट फ्लॉवर अवर’ रविवारी रात्री देशभरच्या केंद्रांवरून मैफलींचे ध्वनिमुद्रण ऐकवू लागला. पहिल्याच भागात स्प्रिंगस्टीनबरोबर जॉन मॅक्लॉफ्लिनचे महाविष्णू ऑर्केस्ट्रा होते. हाच मॅक्लॉफ्लिन पुढे मुंबईच्या झाकीर हुसेन यांच्या साथीने ‘शक्ती’ या बँडमध्ये वाजवू लागला. १५ ऑगस्ट १९७५ रोजी न्यूयॉर्कच्या ‘बॉटम लाइन’मधून स्प्रिंगस्टीनची मैफल डब्ल्यूएनईडब्ल्यूने थेट ऐकवली. ९ ऑगस्ट १९७८ रोजी डब्ल्यूएमएमएसच्या दहाव्या वाढदिवशी क्लीव्हलंडच्या अगोरा सभागृहातली त्याची मैफल मध्यपश्चिमेतल्या अनेक शहरांत एकाच वेळी पोहोचली. त्या रात्री भरलेल्या कॅसेटी हातोहात फिरल्या आणि प्रतीच्या प्रतीवरूनही लोकांनी त्या पाठ केल्या.

ब्रिटनमध्ये मार्ग निराळा होता. बीबीसीच्या रेडिओ वनवर तबकड्या वाजवण्याच्या तासांवर संगीतकार संघटनेच्या कराराने मर्यादा होती. म्हणून बँडना स्टुडिओत बोलावून नव्याने वाजवून घेतले जाई. निवेदक जॉन पीलच्या कार्यक्रमातली अशी सत्रे पुढे स्वतंत्र तबकड्या म्हणून निघाली. लंडनला १९७३ मध्ये कॅपिटल रेडिओ हे खासगी केंद्र आले. १९७५ मध्ये क्वीनचे ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ सहा मिनिटांच्या आसपासचे असल्याने रेडिओवर चालणार नाही, असे तबकडी कंपनीला वाटत होते. कॅपिटलचा निवेदक केनी एव्हरेट याने शनिवार-रविवारात ते चौदा वेळा लावले. सोमवारी दुकानांत विचारणा सुरू झाली आणि गाणे नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. ते लिहिणारा फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे फरोख बलसारा, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला होता. रेडिओवर एकदा ऐकलेले गाणे तो पियानोवर वाजवून दाखवी, असे त्याचे वर्गसोबती सांगत आले आहेत.

मुंबई-पुण्याच्या श्रोत्याला त्या दशकात हा एफएम मिळाला नाही. भारतात पहिले एफएम प्रक्षेपण १९७७ मध्ये मद्रासला झाले, आणि मुंबईच्या एफएमवर खासगी निर्मात्यांना वेळ मिळाला तो १९९३ मध्ये. इथल्या रसिकाने रॉक ऐकले ते आकाशवाणीच्या मोजक्या पाश्चात्त्य फर्माइशींत, लघुलहरींवरच्या परदेशी केंद्रांवर आणि मित्राकडून मागून आणलेल्या एलपीवर. १९७२ मध्ये लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट मुंबईत आले. त्यांनी इथल्या वादकांना घेऊन ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ पुन्हा ध्वनिमुद्रित केली आणि कुलाब्याच्या ‘स्लिप डिस्क’ या छोट्या क्लबात ते वाजवून गेले. ते ध्वनिमुद्रण अधिकृतपणे बाहेर यायला २०१५ उजाडले.

अमेरिकेत त्याच दशकात एफएमचा धंदा पालटत होता. विशीतला ली अब्रॅम्स हा सल्लागार तबकड्यांच्या दुकानांत कार्डे ठेवून खरेदीदारांना फोन करी आणि कोणती गाणी त्यांना रेडिओवर हवीत हे विचारी. त्यावर त्याने ‘सुपरस्टार्स’ ही रचना बेतली, केंट बर्कहार्टच्या साथीने ती डझनावारी केंद्रांना विकली. निवेदकाच्या हातातून निवड गेली आणि कार्डांच्या पेटीत बसली. श्रोते वाढले, जाहिरातींचा ओघ वाढला. दशक संपता संपता एकूण श्रोत्यांत एफएमने एएमला मागे टाकले. ईगल्स, फ्लीटवूड मॅक, ‘बोस्टन’ हा बँड, पीटर फ्रॅम्प्टन यांच्या तबकड्यांच्या कोट्यवधी प्रती खपल्या त्या याच पद्धतीच्या बळावर, आणि त्यांतले बरेच संगीत खरोखर उत्तम आहे.

पण यात जे गाळले गेले त्याचा हिशेब आठवणींत फारसा येत नाही. १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्याच केंद्रांवर ओटिस रेडिंग, स्लाय स्टोन, मडी वॉटर्स हे झेपेलिनच्या शेजारी वाजत. संशोधन फक्त रॉकच्या गोऱ्या तरुण खरेदीदारांकडून होऊ लागले, तसे जिमी हेंड्रिक्सचा अपवाद सोडता कृष्णवर्णीय कलावंत यादीतून जवळजवळ नाहीसे झाले. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कोमिस्की पार्कवर डब्ल्यूएलयूपी या रॉक केंद्राचा निवेदक स्टीव्ह डाल याने दोन बेसबॉल सामन्यांच्या मध्ये डिस्को तबकड्यांचा स्फोट घडवला. डिस्कोची तबकडी आणि ९८ सेंट दिले की प्रवेश होता. गर्दी मैदानात घुसली आणि दुसरा सामना रद्द करावा लागला. अनेक जण आजही ती धमाल म्हणून सांगतात. डिस्को ही मुख्यतः कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि समलिंगी समाजांतून आलेली कला होती. त्या रात्रीकडे पाहताना ही गोष्ट सोडून देणे प्रामाणिकपणाचे नाही.

८ डिसेंबर १९८० ची रात्र या सगळ्या श्रोत्यांची सामाईक आहे. न्यूयॉर्कमध्ये जॉन लेननची हत्या झाली तेव्हा डब्ल्यूएनईडब्ल्यूवर व्हिन सेल्सा कार्यक्रम करत होता. त्याने ठरलेले सारे थांबवले, बातमी सांगितली आणि लेननची गाणी व श्रोत्यांचे फोन यांवर रात्र काढली. याच केंद्रावर सप्टेंबर १९७४ मध्ये लेनन स्वतः निवेदक डेनिस एल्साससोबत बसला होता, आपल्या आवडीच्या तबकड्या लावल्या होत्या आणि हवामान व जाहिरातीही हौसेने वाचल्या होत्या. ज्यांनी ती दुपार ऐकली होती त्यांना हा घरातलाच मृत्यू वाटला. पुढच्या रविवारी लेननची पत्नी योको ओनो हिच्या विनंतीवरून दहा मिनिटांचे मौन पाळले गेले. सेंट्रल पार्कमध्ये लाखभर माणसे जमली आणि अनेक केंद्रांनी त्या दहा मिनिटांत काहीच प्रक्षेपित केले नाही.

पुढच्या काही वर्षांत नवी गाणी अजिबात न लावता फक्त जुनी लावणारी केंद्रे निघाली. फ्रेड जेकब्स या सल्लागाराने १९८५ मध्ये मिशिगनमधल्या लान्सिंगच्या डब्ल्यूएमएमक्यूवर ‘क्लासिक रॉक’ची ही रचना उभी केली आणि ती देशभर पसरली. गाणी निवडण्याची रीत ठरून गेली: ठरावीक वयाच्या माणसांना एका सभागृहात बसवायचे, शेकडो गाण्यांचे काही सेकंदांचे तुकडे ऐकवायचे आणि प्रत्येकाला गुण द्यायला सांगायचे. तुकड्यावरून लगेच ओळखू येते तेच गाणे यात जिंकते. एलपीच्या दुसऱ्या बाजूवरचे संथ चढत जाणारे गाणे हरते. त्यामुळे यादी काही शेकड्यांवर आली आणि एका बँडची तीच तीन गाणी रोज लागू लागली.

या परीक्षेत गुण देणाऱ्यांची आवड खोटी नव्हती. साधारण दहाव्या ते तिसाव्या वर्षांमधल्या घटना माणसाला उतारवयात अधिक आठवतात, हे स्मृतीच्या अभ्यासकांनी वारंवार दाखवले आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतल्या पेत्र जनाटा यांनी २००९ मध्ये दाखवले, की ओळखीचे गाणे ऐकून जुनी आठवण जागी होते तेव्हा मेंदूच्या पुढल्या भागातला मधला प्रदेश सक्रिय होतो. मात्र जी आठवण जागी होते ती बहुधा अचानकतेची असते: पुढे काय लागेल हे माहीत नसताना लागलेल्या गाण्याची. सभागृहातल्या परीक्षेला ती मोजता येत नाही. या केंद्रांचे नित्याचे श्रोतेच अधूनमधून तक्रार करतात, की गाणी तीच आहेत पण तो रेडिओ हा नव्हे. त्यांची तक्रार रास्त आहे.

मूळची केंद्रे एकेक करून बदलली. केएसएएन १९८० मध्ये कंट्री संगीताकडे वळले. लॉस एंजेलिसच्या केएमईटीने १९८७ मध्ये रॉक सोडले, डब्ल्यूएनईडब्ल्यूने १९९९ मध्ये. डब्ल्यूबीसीएनचे एफएम प्रक्षेपण ऑगस्ट २००९ मध्ये थांबले. १९९६ च्या दूरसंचार कायद्याने एका मालकाकडे देशभर किती केंद्रे असावीत यावरची मर्यादा उठवली आणि काही वर्षांत एकाच कंपनीकडे हजाराहून अधिक केंद्रे आली. एका शहरात ध्वनिमुद्रित केलेले निवेदन अनेक शहरांत वाजू लागले. गाणी स्वतः निवडणारे थोडे निवेदक उपग्रह रेडिओवर गेले. लॉस एंजेलिसचा जिम लॅड तिथे २०२३ मध्ये मृत्यू येईपर्यंत आपल्याच मनाने तबकड्या लावत राहिला.

केंद्रांनी आपली प्रक्षेपणे जपली नव्हती. टेप महाग होती आणि काल रात्री काय वाजले याची कुणाला गरज वाटत नव्हती. जे उरले ते श्रोत्यांच्या घरी: खोक्यांत ठेवलेल्या कॅसेटी, वहीत उतरवलेल्या गाण्यांच्या याद्या, निवेदकांची छायाचित्रे. बिल लिक्टनस्टाइन चौदाव्या वर्षीच डब्ल्यूबीसीएनवर काम करू लागला होता. त्याने त्या केंद्रावर २०१९ मध्ये माहितीपट केला, तेव्हा श्रोत्यांना आवाहन करून हे साहित्य गोळा केले. तो संग्रह आता मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट इथल्या ग्रंथालयात अभ्यासकांसाठी ठेवला आहे. इतर शहरांतही टेपप्रेमींनी एकमेकांकडच्या कॅसेटी उतरवून घेतल्या आहेत. त्यांत अर्धवट गाणी आहेत, बाजू संपल्यामुळे तुटलेली वाक्ये आहेत, बर्फवृष्टीचे इशारे आणि बंद पडलेल्या दुकानांच्या जाहिराती आहेत. कोणते गाणे कशानंतर लागे, याचा पुरावा बहुतेक ठिकाणी एवढाच उरला आहे.